डी डिचोलीचा, एफ फोंड्याचा

माउस हे चांगली लाइन असलेल्या लोकांचे चोचले आहेत. पणजीत हे बोललं तर लोक हसतात. तेरेखोलात कुणी हसत नाही, कारण इथे स्क्रीनवरचं चित्र डोक्यापासून उमटायला लागतं आणि कमरेपर्यंत येऊन थांबतं. उरलेलं पुढच्या भरतीबरोबर येईल या आशेवर माणूस चहा प्यायला निघून जातो. दुसऱ्या गावातला कंप्यूटर आपल्या पडद्यावर चित्रासकट उघडून, बाण सरकवत दुरुस्त करणं हे शहरातल्या मंडळींना जमतं. इथे बाण आज सरकवला तर तो उद्या सरकलेला दिसतो, आणि मधल्या वेळात आपण दुसऱ्याच कशावर तरी टिचकी मारलेली असते.

तेरेखोल नकाशावर बघायला हवं. गोवा उत्तरेला नदीपाशी संपतो आणि नदी ओलांडली की पुन्हा चिमूटभर सुरू होतो. १७४६ साली पोर्तुगीजांनी वाडीकर भोसल्यांचा इथला किल्ला घेतला, तेव्हापासून उत्तर काठावरचा हा तुकडा गोव्याकडे आहे. बाकीचा सगळा पेडणे तालुका दक्षिण काठावर. तालुक्याच्या गावी जायचं तर फेरीबोटीने केरी गाठायची. ओहोटीने फेरी अडली तर गाडी काढायची आणि रेडी, आरोंदा असं महाराष्ट्रातून फिरत पुन्हा गोव्यात शिरायचं. याच तालुक्यात मोपाला विमानतळ झाला, ५ जानेवारी २०२३पासून तिथे विमानं उतरू लागली. दिल्लीहून पेडण्यात येणं सोपं झालं. तेरेखोलहून पेडण्यात येणं होतं तसंच आहे. सरकारने एका बाबतीत मात्र आमच्यावर दया केली आहे: महाराष्ट्र आणि गोवा हे टेलिफोनचं एकच सर्कल आहे, त्यामुळे फोनने कुठल्या राज्याचा टॉवर पकडला याची चौकशी करावी लागत नाही. पकडला, एवढंच पुरे.

मी या काठावर राहतो आणि ज्या कंप्यूटरांची राखण करतो ते सगळे त्या काठावर आहेत. एक क्रेडिट सोसायटी, एक शाळा, समुद्राकाठचं एक लहानसं हॉटेल. माझा हुद्दा सिस्टम अॅडमिनिस्ट्रेटर असा आहे, पण तो फक्त बिलावर. गावात मी ‘कंप्युटरवालो’. त्यामुळे प्रिंटर, टीव्हीचा रिमोट, चर्चचा माइक आणि कुणाच्या तरी जावयाने दुबईहून आणलेलं इन्व्हर्टर ही सगळी माझीच खाती.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दिसली की बघणाऱ्याच्या मनात दोनच शंका येतात: हा माणूस बँक लुटतोय, किंवा याचा कंप्यूटर बिघडलाय. सोसायटीच्या चेअरमनांना पहिली शंका अनेक वर्षं होती. सिनेमातले हॅकर जसे झरझर टाइप करतात तसं मी करत नाही, दोन अक्षरं मारून बराच वेळ बघत बसतो, हे पाहिल्यावर त्यांची दुसऱ्या शंकेकडे बदली झाली.

ही दोन अक्षरं उगाच दोन नाहीत. १९६९मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीला हात घातला तेव्हा समोर पडदा नव्हताच. टेलिटाइप होतं: कागदावर खडखडत छापणारं यंत्र, वेग सेकंदाला दहा अक्षरं, आणि बटणं अशी जड की बोटांना व्यायाम व्हावा. अशा यंत्रावर कोण लांबलचक हुकूम लिहीत बसणार? म्हणून यादी दाखव म्हणजे एलएस, नक्कल कर म्हणजे सीपी, हलव म्हणजे एमव्ही, पुसून टाक म्हणजे आरएम. काटकसर इतकी की फाइल तयार करण्याच्या ‘क्रिएट’ या आज्ञेतला शेवटचा ई सुद्धा गाळून टाकला. युनिक्स पुन्हा लिहायला मिळालं तर काय बदलाल असं थॉम्प्सनना पुढे कुणी तरी विचारलं, तेव्हा तो ई परत घालीन असं त्यांनी सांगितलं. अख्ख्या जगाचे सर्व्हर ज्यावर उभे आहेत त्याच्या कर्त्याला खंत काय, तर एका अक्षराची. आमच्याकडे सोसायटीच्या बोर्डावरचं ‘मर्यादित’मधलं र्‍हस्व-दीर्घ चुकलेलं आहे आणि कुणालाही कसलीच खंत नाही.

म्हणजे ही सगळी भाषा मुळातच बारीक तारेच्या टोकाला बसलेल्या माणसांसाठी जन्माला आली. तार जाड झाल्यावर शहरं चित्रांकडे गेली. आमची तार बारीकच राहिली, त्यामुळे आम्ही आपोआप मूळ पंथात टिकलो. एक हुकूम पाठवायचा तर जेमतेम पाच-सात अक्षरं जातात आणि उत्तरादाखल पोस्टकार्डभर मजकूर परत येतो. एवढं ओझं तेरेखोलचा सिग्नल आषाढातल्या पावसातही वाहून आणतो.

लोकांना खटकते ती या हुकमांची वागणूक. काम झालं तर ते एक शब्द बोलत नाहीत. फाइल कॉपी करा म्हटलं, केली, संपलं. नवी ओळ आणि लुकलुकणारा ठिपका. बोलतात ते फक्त काही बिनसलं तर. सोसायटीत हिशेब बघणारे भाई आहेत, वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ मोठे. त्यांना हे सहन होत नाही. “कितें म्हणटा तो?” असं मी फोनवर विचारावं आणि त्यांनी काळजीच्या सुरात सांगावं, “कांयच म्हणना, भाऊ. ओगी रावला.” मग मी म्हणायचं, म्हणजे काम झालं. भाईंचा विश्वास बसत नाही. त्यांचा आयुष्यभराचा अनुभव असा की काम झालेलं असलं की माणूस चार घरी सांगत सुटतो. गप्प बसतो तो काम न केलेला.

नदीपलीकडच्या यंत्रात शिरायचं दार म्हणजे एसएसएच. हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात १९९५ साली कुणी तरी नेटवर्कवरून पासवर्ड चोरले, त्या त्राग्यात टाटू युलोनेन या तिथल्या संशोधकाने ते लिहिलं. तोपर्यंत पासवर्ड तारेवरून उघड्यानेच जायचे. एसएसएच सुरक्षित आहे, पण हळवं आहे. फेरीबोटीत बसून लॅपटॉपवर काम करत असलो की नदीच्या मध्यावर फोन टॉवर बदलतो आणि समोरची अक्षरं गोठतात. टीमक्स नावाची सोय त्यासाठी आहे: आपला संबंध तुटला तरी पलीकडचं काम चालू राहतं, केरीच्या धक्क्याला उतरून पुन्हा जोडून घ्यायचं. फेरीतले उतारू मला विचारतात की नदीत नेट येतं का. येत नाही. पण न येताही काम चालतं, हे त्यांना समजावेपर्यंत धक्का येतो आणि त्यांची स्कूटर सुरू होते.

पलीकडचा कंप्यूटर जिवंत आहे का हे बघायला पिंग. डिसेंबर १९८३मध्ये माइक म्यूस या अमेरिकन सैन्याच्या प्रयोगशाळेतल्या माणसाने नेटवर्कची एक खोडी शोधायला ते एका बैठकीत लिहून टाकलं. पाणबुडीच्या सोनारवरून नाव दिलं. तेरेखोलातलं सर्वांत लोकप्रिय कमांड हेच. पोरंसुद्धा ‘पिंग मार’ म्हणतात. त्याच्या पुढचं ट्रेसरूट मात्र जास्त गमतीचं. आपलं पाकीट कुठकुठल्या ठाण्यांवरून जातं ते दाखवतं. समोरच्या काठावरच्या शाळेचा दिवा मला ओट्यावरून दिसतो. त्या शाळेतल्या कंप्यूटरला माझं पाकीट पोचतं ते मुंबई बघून. परक्या माणसाला याचं हसू येतं. तेरेखोलच्या माणसाला येत नाही. तोही सकाळी केरीला म्हणून निघालेला असतो आणि रेडी-आरोंदा करून दुपारी पोचलेला असतो.

एकदा पावसाळ्यात सोसायटीची लाइन पूर्ण गेली, फक्त फोन चालू, आणि भाई म्हणाले, “कंप्युटर चलना.” पासबुकं छापेनात, लोक रांगेत. मला संशय आला की डिस्क भरली असावी. ते बघायचं कमांड डीएफ, आणि माणसाला वाचता यावेत असे आकडे हवे असतील तर पुढे आडवी रेघ आणि एच. चार अक्षरांचा मामला.

“भाई, आधी डी. डिचोलीचा डी.”

“डिचोलीचो डी. जालो.”

“मग एफ. फोंड्याचा.”

“फोंड्याचो एफ.” मागून रांगेतल्या कुणी तरी फोंड्याला काय झालं असं विचारल्याचं ऐकू आलं.

“आता लांब बटण. एकदाच.”

“एकदांच.”

“मग आडवी रेघ.”

“वयली काय सकयली?”

हा प्रश्न अचूक होता, हे मान्य केलं पाहिजे. कीबोर्डावर त्या बटणावर दोन रेघा असतात आणि जगातले निम्मे टेलिफोनी घोटाळे तिथेच होतात. “मधली,” मी म्हटलं. “शिफ्ट न धरता येते ती.”

“बरें.”

“मग एच. हरमलचा.”

“व्हडलो काय ल्हान?”

“ल्हान. आता एंटर.”

मग भाईंनी वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून, एकही शब्द न गाळता, गीतेचा अध्याय वाचावा तसं. तिथे टीएमपीएफएस नावाच्या पुष्कळ ओळी असतात, त्या आपल्या उपयोगाच्या नसतात. भाईंनी त्याही सगळ्या वाचल्या, शून्यांसकट. शेवटी मीच म्हटलं, भाई, जिथे नुसती तिरकी रेघ आहे त्या ओळीत टक्के किती ते सांगा.

“शंभर!” आवाजात असा आनंद की घरचं कुणी तरी बोर्डात आलं. “शंभर टक्के आसा, भाऊ! मागीर चलना कित्याक?”

शंभर टक्के म्हणजे डिस्कमध्ये मुंगीला उभं राहायला जागा नाही, हे सांगताना मला खरोखर वाईट वाटलं.

जागा कुणी खाल्ली ते शोधायला डीयू. फोल्डरनिहाय वजन सांगतं. त्याला सॉर्टची जोड द्यायची म्हणजे जड मंडळी शेवटी येतात. दोन कमांडांच्या मध्ये जी उभी दांडी घालतात तिला पाइप म्हणतात. एकातून निघालेलं दुसऱ्यात ओतायचं ही कल्पना डग मॅक्लरॉय यांची, बरीच वर्षं ते तिच्यामागे लागले होते आणि १९७३मध्ये थॉम्प्सननी ती एका रात्रीत करून टाकली. पाइपशिवाय युनिक्स म्हणजे नुसती फडताळं. सोसायटीत त्या पाइपमधून बाहेर आले ते दशावताराचे व्हिडिओ. जत्रेतले, अख्ख्या रात्रीचे, संकासुर एका फाइलीत आणि आख्यान दुसऱ्या. कर्जखात्यांच्या फोल्डरात. “तें काडूं नाकात!” भाई कळवळून म्हणाले. पतसंस्थेच्या ठेवींपेक्षा संकासुराची चिंता जास्त होती, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. व्हिडिओ दुसऱ्या डिस्कवर हलवले.

तरी डीएफ शंभर टक्के म्हणतच राहिलं.

इथे तरबेज माणूसही गोंधळतो. डीयू म्हणतं एवढी जागा वापरात आहे, डीएफ म्हणतं त्याच्या दुप्पट. खोटं कोण बोलतंय? दोघंही खरं बोलतात. आधी कुणी तरी सीसीटीव्हीच्या सॉफ्टवेअरची फुगलेली नोंदफाइल पुसली होती. पण ते सॉफ्टवेअर चालूच होतं आणि ती फाइल त्याने उघडी धरलेली होती. यादीतून नाव गेलं, जागा सुटली नाही. गोव्याच्या माणसाला हे समजायला दोन मिनिटंही लागत नाहीत, कारण त्याने मुंडकार पाहिलेला असतो. भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहिलेल्या मुंडकाराला १९७५च्या कायद्याने संरक्षण दिलं. कागदावर काहीही लिहा, माणूस जागेवर आहे तोवर त्याला हात लावता येत नाही, आणि लावता येऊही नये. कर्नेलचं, म्हणजे युनिक्सच्या गाभ्याचं, धोरण नेमकं तेच आहे. एलएसओएफ नावाचं कमांड असे सगळे बसलेले दाखवतं, प्रत्येकासमोर ‘डिलीटेड’ असा शेरा असतो. ते सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू केलं, जागा त्या क्षणी मोकळी झाली. भाईंना मी मुंडकाराच्या भाषेत सांगितलं, तेव्हा त्यांनी इतक्या समजुतीने हुंकार दिला की मला वाटलं, युनिक्सचं पाठ्यपुस्तक मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात लिहायला हवं होतं.

फाइलींच्या मालकीचंही तसंच. आमच्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कब्जेदार असतो, कूळ असतं आणि ‘इतर हक्क’ असा एक रकाना असतो, ज्यात पिढ्यान् पिढ्यांची भांडणं मावतात. युनिक्सच्या प्रत्येक फाइलीवरही तीन रकाने: मालक, गट आणि बाकीचं जग. प्रत्येकाला वाचायचा हक्क चार, लिहायचा दोन, चालवायचा एक. बेरीज करायची. सात म्हणजे सगळं, पाच म्हणजे वाचा आणि चालवा पण बदलू नका, शून्य म्हणजे कुंपणाबाहेर. हे हक्क बदलायचं कमांड सीएचमॉड. ठेवींची फाइल सहाशे चाळीस असावी: मालकाला लिहिता-वाचता यावी, गटाला वाचता यावी, जगाला काहीच नाही.

व्यवहारात काय होतं? काही तरी उघडत नाही, ‘परमिशन डिनाइड’ येतं, रांगेतले लोक बडबडायला लागतात. तेवढ्यात कुणाचा तरी भाचा येतो. भाचा म्हापशात शिकतो. भाचा म्हणतो, सातशे सत्त्याहत्तर कर. करतात. चालतं. भाच्याला सोडा मिळतो. म्हणजे मालकाला सगळं, गटाला सगळं, जगाला सगळं. अख्ख्या वाड्याला सगळ्या भाटात नारळ पाडायची मुभा. भाचा म्हापशाला परत जातो. मी पुढचे कित्येक महिने एकेका फोल्डरला कुंपण घालत बसतो. आणि उताऱ्यावरचं नाव बदलायला सीएचओन हे कमांड आहे, ते एका सेकंदात होतं, हे मी पेडण्यात कुणाला सांगत नाही. म्युटेशनसाठी वर्षानुवर्षं खेपा घातलेल्या माणसासमोर असल्या गोष्टी बोलू नयेत.

सुडोबद्दल थोडंच. १९८०च्या सुमारास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात निघालं. साध्या वापरकर्त्याला घटकाभर रूटचा, म्हणजे सर्वाधिकाऱ्याचा, अधिकार देतं. पहिल्यांदा वापरताना ते तीन कलमी उपदेश करतं: दुसऱ्याच्या खासगी गोष्टींचा मान राखा, टाइप करण्याआधी विचार करा, अधिकाराबरोबर जबाबदारी येते. चेअरमनांना हा उपदेश फार आवडला. त्यांनी तो छापून भिंतीवर लावायला सांगितला. पासवर्ड कुणाकडे असावा यावर मात्र तीन बैठका झाल्या.

किल हे नाव ऐकून लोक दचकतात, पण नुसतं किल म्हणजे पंधरा नंबरचा संदेश, आणि तो अतिशय सभ्य आहे: बाबा रे, हातातलं आटप आणि नीघ. कार्यक्रम फाइली बंद करतो, नोंदी पुऱ्या करतो, जातो. नऊ नंबर म्हणजे थेट गळा. कार्यक्रमाला विचारतच नाहीत, कर्नेल त्याला उचलून फेकतं. अर्धवट लिहिलेलं तसंच लोंबकळत राहतं. कंप्यूटरवाल्याचा स्वभाव ओळखायचा असेल तर त्याची जुनी कमांडं बघावीत. हिस्टरी म्हटलं की ती सगळी दिसतात. ज्याच्या हिस्टरीत किलच्या पुढे प्रत्येक वेळी नऊ आहे, त्याच्याकडे आपला सर्व्हर देऊ नये.

नवालाही दाद न देणारा एक प्रकार असतो, झोंबी. चालू कार्यक्रम दाखवणाऱ्या टॉप या कमांडच्या यादीत तो दिसतो, त्याच्यापुढे झेड असतो. मेलेल्याला पुन्हा मारता येत नाही, हे त्याचं बळ. त्याला जन्म दिलेल्या मूळ कार्यक्रमाने त्याच्या मरणाची नोंद घ्यायची असते, ती घेतलेली नसते, म्हणून तो यादीत लटकलेला. उपाय एकच: बापाला समज द्या, किंवा बापालाच घालवा. बाप गेला की एक नंबरची प्रोसेस अशा अनाथांना दत्तक घेते आणि मार्गाला लावते. कोजागरीला पेडण्याच्या पुनवेत झपाटलेल्यांना आणायची जुनी चाल आहे. भाईंनी एकदा गंभीरपणे विचारलं की सर्व्हरातल्या झोंबीसाठी तिथे काही करता येईल का. मी म्हटलं, आधी रीस्टार्ट करून बघू.

धर्माचा विषय निघालाच आहे तर दसऱ्याचं सांगायला हवं. खंडेनवमीला सोसायटीत सर्व्हरची पूजा होते. हळद-कुंकू, अक्षता, आणि झेंडूची जाड माळ, बरोबर हवा जायच्या जाळीवर. शाळेत तर नारळही वर ठेवतात. त्या दिवशी मी घरी बसून सेन्सर्स हे कमांड मारत असतो; ते प्रोसेसरचं तापमान सांगतं. एरवी पंचेचाळीसच्या आसपास खेळणारा आकडा आरतीच्या वेळेला सत्तरच्या वर जातो. भक्तीने तापमान वाढतं याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे मिळणार नाही. फोन करून माळ थोडी बाजूला घ्या म्हटलं तर भाई दुखावतात. म्हणून मी फक्त “फुलं सुकलीत का बघा” एवढंच म्हणतो.

क्रॉन हे वेळच्या वेळी काम करणारं यंत्र. रोज रात्री दोनला, दर सोमवारी, महिन्याच्या पहिल्या तारखेला, जे सांगाल ते. मिनिट, तास, तारीख, महिना, वार असे पाच रकाने भरायचे. हॉटेलच्या मालकाने एकदा विचारलं, पाहुण्यांना फेरी अडायच्या आधी आपोआप मेसेज जाईल का? साधी मागणी. आणि क्रॉनला ती अशक्य आहे, कारण ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. क्रॉनला सोमवार कळतो, सुकती कळत नाही. कोकणच्या किनाऱ्यावरचे दर्यावर्दी तिथीची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ काढतात: चतुर्थी म्हणजे चार, पाऊणपट तीन, भरती तीनच्या सुमारास, मग जागेप्रमाणे थोडं मागेपुढे. शाळा न पाहिलेल्या माणसाच्या तोंडी बसलेलं हे सूत्र पन्नास वर्षांच्या क्रॉनला येत नाही. शेवटी मी भरती-ओहोटीचं वर्षाचं कोष्टक मशीनमध्ये भरलं आणि क्रॉनला रोज सकाळी ते वाचून दाखवायला एक छोटा कार्यक्रम लिहिला. मालक म्हणाला, एवढं करण्यापेक्षा फेरीवाल्याला विचारलं असतं. बरोबर होतं.

डेट हे कमांड मी रिकामपणी वापरतो. युनिक्सचं कालमापन १ जानेवारी १९७०ला सुरू होतं. त्या क्षणापासून किती सेकंद झाले, एवढंच त्याला ठाऊक. त्याच्या आधीचं सगळं उणे. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. ती तारीख, ग्रिनिचची मध्यरात्र धरून, सेकंदांत विचारली तर उत्तर येतं उणे २५,३५,८४,०००. आपली मुक्ती उणे आहे हे ऐकून गावातल्या एका स्वातंत्र्यसैनिकाच्या नातवाला राग आला. त्याला म्हटलं, रागावू नकोस. जुन्या बत्तीस बिटी यंत्रांना तर १३ डिसेंबर १९०१च्या मागचं काही दिसतच नाही. म्हणजे त्यांच्या लेखी १७४६ घडलंच नाही आणि तेरेखोल अजून वाडीकरांकडेच आहे. हा तपशील मात्र सीमेपलीकडे रेडीत सांगू नये असं आमचं दोघांचं ठरलं. तीच यंत्रं पुढे १९ जानेवारी २०३८ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, आकडा संपून परत १९०१मध्ये पडतील. मंगळवार आहे. पोदेर तोवर पाव देऊन गेलेला असेल, तेव्हा नाश्त्याला धोका नाही. शाळेत अजून दोन तसली यंत्रं चालू आहेत आणि मुख्याध्यापक म्हणतात, अजून वेळ आहे.

राहिलं आरएम. कचरापेटी नाही, ‘खात्री आहे का’ नाही. पुसलं म्हणजे पुसलं. पुढे आरएफ जोडलं की पोटातल्या सगळ्या फोल्डरांसकट, न विचारता. १९९८ साली पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू असताना कुणी तरी हेच कमांड नको त्या जागी चालवलं आणि लोकांच्या डोळ्यांदेखत पात्रं एकेक करून नाहीशी होऊ लागली. सिनेमाचा फार मोठा भाग गेला. बॅकअप काढायला गेले तर तोही नीट नव्हता. वाचवलं कुणी, तर गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेने: घरी तान्हं बाळ असल्याने ती घरून काम करायची आणि तिच्या घरच्या कंप्यूटरवर एक प्रत होती. तो कंप्यूटर पांघरुणात गुंडाळून गाडीतून आणला. जानेवारी २०१७मध्ये गिटलॅब या कंपनीतही असंच घडलं. चुकीच्या सर्व्हरवर आरएम चाललं, आणि बॅकअपच्या पाच तऱ्हांपैकी एकही भरवशाने कामाला आली नाही, असं त्यांनीच जाहीरपणे लिहिलं.

आमच्या भागात बॅकअप सर्वजण घेतात, याबद्दल शंका नको. रात्री दोनला क्रॉन चालतो, प्रत निघते, एका लहान डिस्कवर जाते. ती डिस्क सर्व्हरच्याच कपाटात, सर्व्हरच्याच वर असते. त्यावर झेंडूची दुसरी माळ. जवळच कपाटाची किल्ली. पाणी शिरलं, वीज कोसळली, चोर आला, तर दोन्ही एकत्रच जातील, एकमेकांना सोबत म्हणून.

तेव्हा ज्यांच्या संस्थेत असं कपाट आहे त्यांना एवढीच विनंती: आज कचेरी बंद करताना ती लहान डिस्क खिशात घाला आणि घरी न्या. घर नदीच्या पलीकडे असेल तर फारच उत्तम. आणि महिन्यातून एकदा ती लावून तिच्यातली फाइल खरंच उघडते का ते बघा. माझ्याकडे ठेवायची असेल तर सुकतीच्या आत फेरी पकडा.